बत्तीस अनारसे

शुक्रवार, २८ जुलै २०२३, सकाळी साडेआठ. ठरवलेला खर्च चारशे वीस पाउंड. त्यात ब्लॅकपूलला तिघांच्या दोन रात्री, सहा नाश्ते, पेट्रोल आणि पार्किंग. हजर: मी, माझी बायको वर्षा आणि वर्षाची आत्या. एवढं नोंदवल्यावर आता मोकळेपणानं सांगतो, की या आत्यांइतका धक्का देणारा माणूस अख्ख्या ब्रिटनमध्ये दुसरा नाही. मिल्टन कीन्समध्ये मी बावीस वर्षं राहतोय. एका वर्षात तीन पंतप्रधान पाहिले, एप्रिलमध्ये बर्फ पाहिला, शेजाऱ्यानं कुंपण सहा इंच माझ्या हद्दीत सरकवलेलं पाहिलं; पण घास हातातच राहावा असे धक्के मला फक्त आत्यांनी दिले आहेत. एका पेन्शन कंपनीत हिशेब तपासणं ही माझी नोकरी, आणि ठरलेल्या वेळी ठरलेली गोष्ट करणं हा माझा स्वभाव. आत्या म्हणतात, "जावईबापू, तुम्हाला इस्त्री करून कपाटात ठेवलं तरी तुम्ही तक्रार करणार नाही."

आत्या शहात्तर वर्षांच्या. पन्नास वर्षांपूर्वी साताऱ्याहून नर्सिंग शिकायला इकडे आल्या आणि लेस्टरच्या एका हॉस्पिटलातून वॉर्ड सिस्टर म्हणून निवृत्त झाल्या. निवृत्त झाल्या म्हणजे वॉर्डच्या भिंती तेवढ्या गेल्या. वॉर्ड चालूच आहे. अंगावर पाचवारी साडी, वर टोपीचं निळं अनोरॅक जाकीट, पायात पुरुषी स्पोर्ट्स शूज, आणि पदराला जिथं बायका पिन लावतात तिथं नर्सचं ते उलटं लटकणारं घड्याळ. समोर माणूस आला की आत्यांचा हात आपोआप त्याच्या मनगटावर जातो. पुण्यात आमच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना कुणीतरी माझा हात पकडला. मला वाटलं काहीतरी विधी असेल. मंगलाष्टकांच्या दोन कडव्यांमधल्या शांततेत आत्यांचा आवाज सगळ्या हॉलला ऐकू गेला, "ब्याण्णव. घाबरलाय, पण चालेल." आमच्या घरासमोर पार्किंगचा दंड लिहिणाऱ्या माणसाचीही त्यांनी अशीच नाडी पाहिली आणि "तू दुपारी जेवला नाहीस" म्हणून त्याला खडसावलं. तो आमच्या कठड्यावर बसून पोळी-भाजी खात अर्धा तास आपल्या घटस्फोटाबद्दल बोलला. दंड काही माफ झाला नाही. पंचवीस पाउंड मी भरले.

त्यांच्या बाकीच्या सवयीही अशाच, हॉस्पिटलातून घरी न सोडलेल्या. कुणाच्याही घरी गेल्या तर आधी पलंगाची चादर नीट करतात, चारी कोपरे गादीखाली इतके घट्ट खोचतात की त्यांच्याकडे मुक्कामाला गेलो की मी पाकिटातल्या पत्रासारखा झोपतो. कुणाचाही फोन आला की "कसे आहात" विचारायच्या आधी "पोट साफ होतंय ना" विचारतात, मग तो फोन बँकेतून का असेना. आणि पैशांच्या बाबतीत मला त्यांचा फार आदर होता. चहाची पिशवी दोनदा वापरणारी, बसचा मोफत पास असल्यामुळे तीन बस बदलून भाजी आणणारी बाई. आमच्या घराण्यात खर्चाचा विचार करणारी दोनच माणसं आहेत आणि त्यातली दुसरी आत्या, असं मी वर्षाला अभिमानानं सांगत असे.

म्हणूनच जूनमध्ये निखिलचा फोन आला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. निखिल हा आत्यांचा एकुलता एक मुलगा. जन्म लेस्टरचा, नोकरी रीडिंगची, मराठी प्रेमाची आणि तोडकी.

"दाजी, आई दर थ्री मंथ्सला ब्लॅकपूलला जातो. कोच बसनी. एकटा! आणि आता त्याच्या पर्समध्ये मला कसिनोची कार्ड सापडला."

"कॅसिनोचं कार्ड? आत्यांच्या पर्समध्ये?"

"मेंबर आहे दाजी, मेंबर! प्रत्येक वेळी तीनशे पाउंड कॅश काढतो. मी विचारला तर म्हणते, समुद्राची हवा."

निखिलनं ठरवून टाकलं होतं. आई जुगारात पैसे घालवत असेल तर लेस्टरचं घर विकायचं, आईला रीडिंगला न्यायचं. खालची खोली रंगवून तयार होती. बँकेचं कार्डही तोच ठेवणार होता. "तुम्ही अकाउंट्सवाले. तुम्ही तिच्याबरोबर जा आणि मला फक्त फिगर सांगा. कसिनोमध्ये हंड्रेडच्या वर गेला, तर मी घर मार्केटवर टाकणार."

"आणि शंभरच्या आत असेल तर?"

"तर मी एक वर्ड बोलणार नाही. प्रॉमिस."

वर्षा म्हणाली, "अहो, माझ्या आत्यावर हेरगिरी करायला निघालात?" मी म्हणालो, हेरगिरी नाही, तपासणी आहे, दोन्हीत फरक आहे. तिनं विचारलं, काय फरक? मी म्हणालो, तपासणीत पावत्या असतात.

त्या शुक्रवारी आम्ही लेस्टरहून आत्यांना घेतलं तेव्हा त्यांच्या हातात एक बॅग आणि मांडीवर बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा होता. तो डबा त्यांनी डिकीत ठेवू दिला नाही. मोटरवेवरच्या सर्व्हिसेसमध्ये चहाचा भाव तीन पाउंड साठ पाहून त्यांनी गल्ल्यावरच्या मुलीला "तुझं काही चुकलंय का बघ" असं प्रेमानं सांगितलं आणि आम्हाला गाडीत बसवून थर्मासमधला चहा, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली. मला हायसं वाटलं. ही बाई जुगार खेळणं शक्य नाही, असं मी मनात लिहूनही टाकलं. पण ब्लॅकपूलचा टॉवर लांबून दिसला आणि आत्या बदलल्या. खिडकी खाली करून त्या तोंडानं वारा पिऊ लागल्या.

त्या दुपारी त्यांनी जे केलं ते मी क्रमानं सांगतो, कारण एरवी माझाच विश्वास बसत नाही. आधी त्या टॉवरवर गेल्या. वर एका जागी पायाखाली काच आहे, तिच्यातून पार खालचा रस्ता दिसतो. माणसं तिथं भिंतीला धरून कडेकडेनं चालतात. आत्या काचेच्या मधोमध उभ्या राहिल्या, खाली पाहिलं आणि म्हणाल्या, "ब्रेंडानं धुणं अजून काढलं नाही, पाऊस येणार." ब्रेंडा म्हणजे आम्ही उतरणार होतो त्या गेस्टहाउसची मालकीण. मग समुद्रात आत गेलेल्या पियरवरचं मोठं चक्र. मी खाली उभा राहून तिघांचे कोट सांभाळले. मग दोन पेनीची नाणी ढकलणारी यंत्रं. तिथं त्यांनी चार पाउंड घालून तीन पाउंड दहा आणि एक प्लॅस्टिकचं बदक मिळवलं. मग बॉलरूम. सोनेरी छत, ऑर्गन वाजतोय, म्हातारी जोडपी अलगद गिरक्या घेतायत, माझ्यासारख्याचेही डोळे निवले. आणि आत्या स्कोन नावाच्या छोट्या केकवर साय लावत प्रत्येक जोडप्याचं निदान सांगत होत्या. "त्याचा उजवा गुडघा बदललाय. चांगला बदललाय. ती लालवाली, तिला चष्म्याची गरज आहे, नवऱ्याला सांगत नाही." शेवटी वाऱ्यात बाकावर बसून फिश अँड चिप्स. त्यावर पर्समधून काढलेली लसणाची चटणी. एका सीगलनं ती चिप उचलली आणि लगेच टाकून दिली. "लेस्टरचा दिसत नाही," आत्या म्हणाल्या.

आणि मग, जणू भाजी आणायला चाललोय अशा सुरात, "चला जावईबापू, आता माझ्या ठिकाणी."

कॅसिनोच्या दारात सहा फुटी, मानेवर गोंदवलेला दरवान उभा होता. मला वाटलं, साडी आणि स्पोर्ट्स शूज पाहून तो अडवेल आणि माझं काम सोपं होईल. त्यानं दार उघडून धरलं. "ऑल राइट, सिस्टर? पायाची सूज उतरली बघा." आणि पँट वर करून त्यानं घोटा दाखवला. आत चाक फिरवणारी मुलगी म्हणाली, "हॅलो, सिस्टर." चहा आणणारी म्हणाली, "नेहमीचाच, सिस्टर?" मॅनेजरनं लांबूनच मान लववली. वर्षानं माझा दंड धरला. मी तिचा धरला. देवळातही आत्यांना इतकी माणसं ओळखत नसतील.

आत्या रुलेटच्या टेबलापाशी, पाठ टेकता येईल अशा खुर्चीवर बसल्या. पर्समधून अडीच पाउंड काढून त्यांनी काळ्यावर लावले. लाल आलं. अडीच पाउंड गेले. आत्यांनी चाकाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हे काय?" मी विचारलं.

"खुर्चीचं भाडं. तासाला एकदा द्यायचं. नुसतं बसलेलं बरं दिसत नाही."

"आणि मग तासभर काय करता?"

"राउंड," आत्या म्हणाल्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. शेजारचा एक लालबुंद म्हातारा ढिगानं चकत्या लावत होता आणि ढिगानं हरत होता. आत्यांनी त्याचं मनगट धरलं, छातीवरच्या उलट्या घड्याळात पाहिलं आणि इंग्रजीत, पण अगदी साताऱ्याच्या सुरात, त्याला सांगितलं की नाडी एकशे दहा आहे, बायको घरी वाट बघतेय आणि सव्वासहाची ट्राम आहे. म्हातारा "येस, सिस्टर" म्हणून उठला. तीन तासांत त्यांनी असे दोन उठवले. मॅनेजर का लांबून मान लववतो तेही कळलं. माझ्या वहीत मी लिहिलं: शुक्रवार, साडेसात पाउंड. म्हणजे शंभराला साडेब्याण्णव कमी. त्या दिवशी मी फार समाधानानं झोपलो.

शनिवारी सगळं बिघडलं, आणि ते माझ्या मोजण्यामुळे बिघडलं.

तो अधिक महिना होता. तीन वर्षांतून एकदा येणाऱ्या या महिन्यात सासरची माणसं जावयाला वाण देतात: तेहतीस अनारसे आणि त्यावर लावलेला दिवा. मागच्या अधिकात माझे सासरे होते. त्यांनी पुण्याहून कुरिअरनं पाठवले होते, निम्मे भुगा होऊन आले. आता सासरे नाहीत, सासूबाईही नाहीत. मी हे विसरलो होतो. आत्या विसरल्या नव्हत्या. तांदूळ तीन दिवस भिजवून, गूळ घालून, खसखशीवर थापून, तुपात तळून त्यांनी तेहतीस अनारसे केले होते आणि तो डबा मांडीवर घेऊन आल्या होत्या.

"पण इथं कशाला, आत्या? घरी दिलं असतं."

"घरी तुम्ही येता कधी? आलात तर विजेचा मीटर बघून जाता." मग म्हणाल्या, "दादा नाही, वहिनी नाहीत. वर्षाचं माहेर म्हणजे आता मीच. वाण चुकवून कसं चालेल?"

प्रश्न दिव्याचा होता. गेस्टहाउसमध्ये आत्यांना दिवा लावायची बंदी होती. आदल्या वर्षी त्यांनी खोलीत सकाळी फक्त दोन उदबत्त्या लावल्या होत्या, त्यावर अलार्म वाजून सगळे पाहुणे अर्धवट नाश्त्यावरून फुटपाथवर आले होते आणि बंब आला होता. बंबवाल्यांना आत्यांनी शिरा दिला, पण ब्रेंडानं त्यांच्याकडून लिहून घेतलं. तेव्हा दिवा मिळण्याची एकच जागा आत्यांना माहीत होती: कॅसिनोचा कॅफे. तिथं प्रत्येक टेबलावर बॅटरीची मेणबत्ती असते.

अशा रीतीनं शनिवारी दुपारी दोन वाजता, आत्यांचं दोन तासांचं खुर्चीचं भाडं भरून झाल्यावर, ब्लॅकपूलच्या कॅसिनोत, प्लॅस्टिकच्या मेणबत्तीसमोर मी डोक्यावर रुमाल घेऊन बसलो. आत्यांनी कुंकू लावलं, बॅटरी चालू-बंद करून दिवा ओवाळला आणि डबा माझ्या हातात दिला. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी "हॅपी बर्थडे" म्हणालं. मला खरंच भरून आलं होतं. आणि भरून आलेल्या माणसानं काय करावं? नमस्कार करावा. मी मोजले.

"आत्या, बत्तीस आहेत."

"काय?"

"दोनदा मोजले. बत्तीस."

वर्षानं टेबलाखालून मला लाथ मारली, पण उशीर झाला होता. आत्यांचा चेहरा उतरला. "अगंबाई. ब्रेंडा!" सकाळी नाश्त्याला त्यांनी ब्रेंडाला एक अनारसा चवीला दिला होता. ब्रेंडानं तो बिस्कीट समजून चहात बुडवला, तो तळाशी गेला, आणि तिनं कप सिंकमध्ये ओतला. तेहतिसावा अनारसा ब्लॅकपूलच्या गटारात होता.

"चालतंय हो आत्या," मी म्हणालो. "एकानं काय फरक पडतो?" आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य माझ्या तोंडून निघालं, आणि कुणी विश्वास ठेवला नाही.

"वाण अपुरं देत नाहीत, जावईबापू." आत्या इकडेतिकडे पाहू लागल्या. त्यांची नजर रुलेटच्या टेबलावर गेली आणि तिथंच थांबली. हिरव्या कापडावर, काळ्या चौकटीत, स्वच्छ पांढऱ्या अक्षरांत तेहतीस लिहिलेलं होतं.

मी "आत्या, नको" म्हणेपर्यंत त्या उठल्या होत्या. पर्समधून तेहतीस पाउंड काढून त्यांनी चकत्या घेतल्या आणि सगळ्या त्या आकड्यावर ठेवल्या. चाक फिरवणाऱ्या मुलीला त्यांनी सांगितलं, "हे माझ्या जावयाचं आहे. अपुरं पडलं होतं." मुलीनं माझ्या कपाळावरच्या कुंकवाकडे पाहिलं आणि फार आदरानं चाक फिरवलं. गोळी गरगरत आली, तेहतीसवर टेकली, तिथं एक क्षण बसली आणि शेजारच्या सोळाच्या खाचेत जाऊन पडली.

तेहतीस पाउंड गेले. मी वही काढून ते लिहिलं. आत्यांनी मात्र समाधानानं हात जोडले. "पोचलं," त्या म्हणाल्या. "झालं पुरं. आता मी जरा राउंड घेते." वर्षा रॉकच्या, म्हणजे इथल्या साखरेच्या गोळीच्या, कांड्या आणायला बाहेर गेली, आत्या पलीकडच्या टेबलापाशी गेल्या, आणि मी बत्तीस अनारशांचा डबा काखेत धरून तिथंच उभा राहिलो.

आता जे झालं ते मी कुणालाही न विचारता लिहितो आहे. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती: वाण दिलं म्हणजे ते जावयाचं. म्हणजे गेले ते तेहतीस पाउंड माझे. माझे तेहतीस पाउंड, समोरच्या टेबलाच्या भोकात. ते परत आणायचे तर उपाय सोपा होता. काळ्यावर पाच लावायचे. हरलो तर दुप्पट, पुन्हा हरलो तर पुन्हा दुप्पट. कधीतरी काळं येणारच, आणि आलं की मागचं सगळं वसूल होऊन वर पाच पाउंड. असं सात वेळा केलं की पस्तीस. म्हणजे तेहतीस वसूल, वर दोन. पाच वेळा लागोपाठ काळं न येण्याची शक्यता अठ्ठावीसात एक, हेही मी काढलं. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत याहून सुरक्षित योजना मी पाहिली नव्हती.

पाच लावले. लाल. दहा. लाल. वीस. लाल. खिशातले पैसे संपले. मी यंत्रापाशी जाऊन कार्डावर काढले. चाळीस. लाल. ऐंशी लावले तेव्हा शेजारचा माणूस माझ्यापासून जरा सरकून बसला. लाल. एकशे पंचावन्न पाउंड. पुढचा आकडा एकशे साठ होता आणि त्यासाठी मी पुन्हा कार्ड बाहेर काढलं. तेवढ्यात मनगटावर ती ओळखीची पकड बसली.

"एकशे अठरा," आत्या म्हणाल्या. "जावईबापू, उठा."

"आत्या, आता फक्त एकदाच. गणितानं आता काळं यायलाच..."

"उठा म्हणते ना. वॉर्ड बंद." आणि माझ्या काखेतल्या डब्यातून एक अनारसा काढून त्यांनी तो माझ्या तोंडात कोंबला, जसा रडणाऱ्या पोराच्या तोंडात कोंबतात. दारात वर्षा रॉकच्या पिशव्या घेऊन उभी होती. तिनं माझ्या हातातलं कार्ड पाहिलं, कुंकू पाहिलं, फुगलेला गाल पाहिला.

"अहो!" ती म्हणाली. "तुम्ही?"

समुद्रासमोरच्या बाकावर आम्ही तिघं बराच वेळ बसलो. खाली गाढवं पोरांना पाठीवर घेऊन वाळूत फेऱ्या घालत होती. मी त्यांच्याकडे पाहत होतो, कारण माणसांकडे पाहवत नव्हतं.

"निखिलला फोन करायचाय ना?" आत्यांनी विचारलं.

मी दचकलो. "तुम्हाला कसं..."

"तुम्ही स्वतःच्या खर्चानं सहलीला याल? तुमचा फोन आला तेव्हाच समजले. करा आता. माझ्यासमोर करा. खरा आकडा सांगा, कमी नको. फक्त सगळा सांगा."

सगळा म्हणजे काय, ते मला समजलं. आत्यांचा आकडा शंभराच्या आत होता. पण तो सांगणारा माणूस कोण, यावर त्याची किंमत होती. आणि त्या माणसानं स्वतः काय केलं हे लपवून तो आकडा सांगता आला असता. सोपं होतं. घर वाचलं असतं, माझी अब्रूही. आत्या मला त्याबद्दल आयुष्यभर काही बोलल्याही नसत्या. मी फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"निखिल, फिगर सांगतो. शुक्रवार, साडेसात पाउंड. शनिवार, दोनदा अडीच आणि एकदा तेहतीस. एकूण आईचे पंचेचाळीस पाउंड पन्नास पेन्स. तू म्हणतोस त्या तीनशेतले बाकीचे गेस्टहाउसला, कोचला आणि जेवणाला जातात. आणि माझे एकशे पंचावन्न."

"तुमचे काय?"

"मी हरलो. रुलेटवर. आईनं हात धरून उठवलं, नाहीतर तीनशे पंधरा झाले असते."

मग निखिल म्हणाला, "पण दाजी, तुम्ही तर एक्सेलवाला आहात!"

वर्षानं तोंडावर पदर नव्हता म्हणून रॉकची पिशवी धरली. आत्यांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"आई, तू का जातो तिकडे?" निखिलचा आवाज उतरला होता. "खरं सांग ना."

आत्या समुद्राकडे पाहत बोलल्या. "अरे, घरी सगळे म्हणतात, जपून. पायरी आहे, जपून. गरम आहे, जपून. डॉक्टर म्हणतो, फार्मसीवाला म्हणतो, तू म्हणतोस. त्या चाकापाशी बसले की ती पोरगी मला विचारते, 'सिस्टर, कुठं लावायचं?' मी सांगते. ती लावते. चुकलं तर अडीच पाउंड जातात. पण विचारतं रे कुणीतरी."

"मी विचारत नाही का?"

"नाही बाळा. तू सांगतोस."

मग निखिल म्हणाला, "रीडिंगची रूम मी पेंट केली होती, आई. यलो."

"छान केलंस. वाढदिवसाला येईन, चार दिवस राहीन. एरवी तू झोप त्यात."

त्यानं घराबद्दल एक शब्द काढला नाही. वचन पाळलं. फोन ठेवल्यावर आत्यांनी डबा उघडला आणि आम्ही तिघांनी दोन-दोन अनारसे खाल्ले. थोडे मऊ पडले होते, पण जाळी सुरेख होती. गाढवांच्या मालकाला एक दिला. किती उरले ते मी मोजलं नाही.

ऑगस्टमध्ये निखिल लेस्टरला आला आणि तीन दिवस राहिला. आत्यांच्या घराचा जिना उभा आणि अरुंद आहे, एका बाजूला धरायला काही नव्हतं. तिथं कठडा बसवून घ्यायचा का, असं त्यानं आईला विचारलं. वर्षा त्या वेळी तिथं होती; ती सांगते, की विचारून झाल्यावर तो खरोखर उत्तराची वाट पाहत थांबला. आत्या म्हणाल्या, "बसव. साड्या वाळत घालायला होईल." पुढे दोन वर्षं आम्ही जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा त्या कठड्यावर खरंच साड्या असत, वरपासून खालपर्यंत, आणि त्यांच्याखालून वाकून आम्हाला वर जावं लागे.

गेल्या महिन्यात गेलो तेव्हा कठडा रिकामा होता. दाराशी माझा आवाज ऐकून आत्या वरून यायला निघाल्या. डावा हात कठड्यावर, एक पायरी, थांबणं, मग दुसरी. 'जपून' माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून मी खालून विचारलं, "आत्या, चहा मी टाकू, की तुम्ही टाकताय?"

त्या मधल्या पायरीवर थांबल्या, विचार केला आणि म्हणाल्या, "तुम्ही टाका. साखर किती ते मी सांगेन."

कठड्याचे दोनशे साठ पाउंड झाले. ते निखिलनं दिले, आत्यांच्याच गल्लीतल्या एका सुताराला. पावती माझ्याकडे आहे.